खांदा दुखतोय, पण जिम सोडायची नाही: मशीन कुठे, डंबेल कुठे

सोसायटीच्या क्रिकेट सामन्यात सीमारेषेवरून जीव खाऊन थ्रो केला. चेंडू यष्ट्यांच्या आसपासही गेला नाही, खांद्यात मात्र कळ आली. वय सत्तेचाळीस, वॉर्म-अप शून्य. पंधरा दिवसांनी जिमला परतलो तर ट्रेनर मुलगा म्हणाला, "काका, आता फ्री वेट, म्हणजे डंबेल-रॉड, बंद. फक्त मशीनवर करा, मशीन सेफ असतं."

मी ऐकलं. तीन आठवडे चेस्ट प्रेसच्या, म्हणजे बसून छातीसमोर मुठी ढकलायच्या, मशीनवर बसलो आणि तीन आठवडे उजव्या कुशीवर झोपता आलं नाही. शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सुरुवातीला त्या मशीनची मूठ कुठे असते? छातीच्या पुढे की मागे?" मूठ मागे होती, चांगली वीतभर. म्हणजे वजन ढकलायला सुरुवात करण्याआधीच माझा दुखरा खांदा पूर्ण मागे ताणला जात होता, आणि सगळं वजन तो त्याच जागी उचलत होता. बाईंनी मला जमिनीवर उताणं झोपवलं, दोन्ही हातांत चार-चार किलोचे डंबेल दिले आणि ढकलायला सांगितलं. दुखलं नाही.

आमच्याच जिममधल्या एका ताईंचं नेमकं उलटं झालं. डंबेल घेऊन लंजेस करताना, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जाताना, तोल जायचा, गुडघा आत वळायचा आणि वाटीखाली दुखायचं. लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, बसल्यावर त्यांचा गुडघा शांत झाला.

मशीन तोल सांभाळायचं काम तुमच्याकडून काढून घेतं, पण हालचालीची वाट स्वतः ठरवतं. डंबेल वाट तुमच्यावर सोडतं आणि तोलाची जबाबदारी तुमच्या गळ्यात घालतं. दुखऱ्या सांध्याला या दोन्हींपैकी काय झेपत नाही, ते एकेका व्यायामासाठी वेगवेगळं शोधायचं असतं. छातीसाठी डंबेल आणि पाठीसाठी केबल, म्हणजे पुलीवरून वजन ओढायचं मशीन, असं एकाच दिवशी, एकाच खांद्यासाठी असू शकतं.

मशीन म्हणजे दुखापतग्रस्तांचं आणि लोखंड म्हणजे धडधाकटांचं, ही समजूत इतिहासालाही धरून नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म हे अमेरिकी लष्करी डॉक्टर शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये जखमी सैनिकांच्या पायांत ताकद परत आणत होते. त्यांचं मुख्य साधन होतं पायात अडकवायचा लोखंडी बूट आणि त्याला लावायच्या प्लेट. 1945 साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आज आपण सहज 'दहाचे तीन सेट' म्हणतो, तो आकडा त्यांच्याच पुढच्या कामातून रूढ झाला. शंखाच्या आकाराचा कॅम, म्हणजे हालचालीनुसार भार बदलत नेणारी चकती, असलेली आर्थर जोन्स यांची नॉटिलस मशीन बाजारात यायला 1970 साल उजाडलं.

आधी हे बघा, मग जिमची पिशवी उचला

पुढचं सगळं डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनी 'व्यायाम करायला हरकत नाही' म्हटलेल्यांसाठी आहे. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात अचानक वर जाईनासा झाला, सांधा सुजून गरम झाला, सोबत ताप आला, गुडघा एका जागी अडकून बसला, तर आधी तपासणी. कंबरदुखीसोबत जांघेचा भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. डाव्या खांद्यात, दंडात दुखतंय आणि छातीत दडपण, घाम, धाप आहे, तर तो खांद्याचा प्रश्न समजून वेळ घालवू नका.

खांद्याबाबत आणखी एक. कोपर कमरेला चिकटवून हाताचा पुढचा भाग बाहेरच्या बाजूला फिरवा. आता दुसऱ्या कुणाला तरी तोच हात हलकेच फिरवायला सांगा. त्यांनी फिरवूनही तो जात नसेल, तर तो बहुधा 'फ्रोजन शोल्डर' असतो. चाळीस ते साठच्या वयात तो जास्त दिसतो आणि मधुमेह असलेल्यांमध्ये फारच. त्याचा रस्ता वेगळा आहे, या लेखातल्या व्यायामांनी तो सुटणार नाही.

आणि जिमच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊ नका. वेदना हा इथे तुमचा मोजमापाचा एकमेव काटा आहे.

पहिली पायरी: नेमकं काय झेपत नाही?

'खांदा दुखतो' एवढ्यावर व्यायाम निवडता येत नाही. एक वही घ्या आणि पहिले दोन-तीन दिवस फक्त तपासणीसाठी जा. प्रत्येक हालचाल आधी रिकाम्या हाताने, मग अगदी हलक्या वजनाने करा. कोणत्या कोनात दुखतं ते लिहा. तोच कोन टाळून वजन वाढवल्यावर दुखतं का? सावकाश केल्यावर दुखत नाही पण झटक्यात दुखतं, असं आहे का? दोन्ही हातांनी ठीक आणि एका हाताने थरथर, असं आहे का?

पाचवा प्रश्न सगळे विसरतात: व्यायामात दुखतं, की वजन उचलून जागेवर आणताना? माझ्या वहीत तिसऱ्या दिवशी लिहिलंय, 'प्रेस ठीक. डंबेल स्टँडवरून काढताना चमक.' खालच्या फळीवरचा डंबेल वाकून, हात वळवून ओढला होता.

कोनात किंवा हालचालीच्या वाटेत दुखत असेल, तर डंबेलकडे झुका, कारण वाट बदलता येते. थरथर, तोल, भीती यांनी अडत असेल तर मशीनकडे. वजन उचलण्या-ठेवण्यातच दुखत असेल, तरीही मशीन; वजनाच्या गठ्ठ्यातली पिन सरकवली की काम झालं. झटक्याने दुखत असेल तर साधन बदलून उपयोग नाही, गती बदला.

दुसरी पायरी: मशीन स्वतःच्या मापाचं करून घ्या

जिममध्ये मशीनवर बसणारे बहुतेक जण आधीच्या माणसाच्या मापावर बसतात. दुसऱ्याची चप्पल घालून पळण्यातला हा प्रकार. निरोगी सांधा ते खपवून घेतो.

मशीनला एक आस असते, ज्याभोवती तिचा दांडा फिरतो. तुमचा सांधा त्या आसेच्या रेषेत आला पाहिजे. लेग एक्स्टेन्शनवर, म्हणजे बसून पाय गुडघ्यातून सरळ करायच्या मशीनवर, बाजूने वाकून बघा: गुडघ्याच्या बाहेरचा उंचवटा आणि मशीनचा बोल्ट समोरासमोर हवेत. जुळलंय की नाही याची सोपी खूण अशी, की पाय वर जाताना पॅड नडगीवरून वरखाली घासत असेल तर जुळलेलं नाही. पाठीचा टेकू एक खाच मागे-पुढे करा.

चेस्ट प्रेसवर सीट इतकी ठेवा की मुठी छातीच्या मध्याशी येतील, खांद्यांच्या पातळीवर नाही. काही मशीनना पायाने दाबायची पट्टी असते. ती दाबली की मुठी पुढे येतात आणि पहिला रेप (रेपिटिशन, म्हणजे हालचालीची एक आवृत्ती) खांदा न ताणता सुरू होतो. शेवटचा रेप झाल्यावरही तीच पट्टी दाबून मुठी सोडायच्या, हे मात्र लोक विसरतात. हालचालीची मर्यादा ठरवणारी वेगळी पिन असेल तर ती वापरा. पाठीमागे उशी कोंबू नका. तुम्ही पुढे सरकता म्हणजे मुठी आणखी मागे जातात. एवढं करूनही मूठ छातीच्या मागेच राहत असेल, तर ते मशीन तुमच्यासाठी नाही. सोडून द्या, वाईट वाटून घेऊ नका.

'बटरफ्लाय' म्हणजे पेक डेक, आणि डिप्सचं मशीन, या दोघांना दुखऱ्या खांद्याने सुरुवातीचे काही महिने लांबूनच नमस्कार करावा. दोन्हीत हात मागे खेचले जातात आणि वाट बदलता येत नाही.

स्मिथ मशीनबद्दल, म्हणजे दोन खांबांत अडकवलेला रॉड असलेल्या मशीनबद्दल, माझं मत जरा वेगळं आहे. त्यावर प्रेस किंवा स्क्वॉट करायला मला आवडत नाही, सरळ रेषेत चालणारा रॉड कुणाच्याच सांध्याला विचारत नाही. पण तोच रॉड कमरेच्या उंचीवर अडकवून त्यावर हात टेकून पुशअप्स काढा. जमलं की दर आठवड्या-दोन आठवड्यांनी एक खाच खाली. दुखऱ्या खांद्यासाठी याच्याइतकी बारीक पायऱ्यांची शिडी अख्ख्या जिममध्ये दुसरी नाही.

तिसरी पायरी: डंबेल हातात घेण्याची आणि सोडण्याची रीत

डंबेल कंबरेच्या उंचीच्या फळीवरून घ्या. तिथे नसेल तर कुणाला तरी सांगा, "दादा, तेवढा डंबेल हातात देता का?" लाजायचं कारण नाही.

सुरुवात जमिनीवरच्या प्रेसने करा. चटईवर उताणं पडा, गुडघे वाकवलेले. डंबेल शेजारी ठेवा, कुशीवर वळून दोन्ही हातांनी एकेक छातीवर घ्या. तळवे एकमेकांकडे, कोपरं शरीरापासून साधारण 45 अंशांवर. तीन आकडे मोजत खाली आणा. दंड जमिनीला टेकला की क्षणभर थांबा, मग वर. इथे जमीनच मर्यादेच्या पिनेचं काम करते. कोपर छातीच्या मागे जाऊच शकत नाही. महिनाभर दुखलं नाही तर बेंचवर जा. बेंचवर संपवताना डंबेल दोन्ही बाजूंना टाकून देण्याची सवय मोडा: त्या क्षणी हात पसरलेले, खांदा मागे आणि वजन हाताला ओढतंय, म्हणजे जे टाळत होतो तेच. डंबेल छातीवर आणा, गुडघे वर घ्या, मांड्यांवर टेकवून उठून बसा.

बारबेलकडे, म्हणजे आपल्याकडचा 'रॉड', सर्वांत शेवटी यायचं. तो दोन्ही हातांना एकत्र बांधून ठेवतो, त्यामुळे वाटेच्या बाबतीत तो मशीनचाच चुलतभाऊ आहे. आलात की पकड खांद्यांच्या रुंदीच्या दीडपटीहून जास्त ठेवू नका.

चौथी पायरी: खांद्याचा आठवडा

ढकलण्याचा व्यायाम आपण पाहिला. ओढण्यासाठी मी मशीन आणि केबलच्या बाजूने आहे. छाती टेकवून करायचं रोइंगचं मशीन मिळालं तर उत्तम, कारण कंबर मोकळी राहते आणि लक्ष दोन्ही खवाट्यांवर देता येतं. ढकलण्याच्या एका सेटमागे ओढण्याचे दोन, असं माझं गणित आहे. लॅट पुलडाउन, म्हणजे वरून केबलचा दांडा खाली ओढायचा व्यायाम, नेहमी पुढे, छातीच्या वरच्या भागापर्यंत. तळवे समोरासमोर राहतील अशी मूठ लावा. मानेमागे ओढणं बंद, खांदा बरा झाल्यावरही.

आता ती चूक, जी मला रोज कुठल्या ना कुठल्या जिममध्ये दिसते. कुणीतरी सांगितलेलं असतं की खांद्याचे आतले छोटे स्नायू मजबूत करा. मग माणूस उभा राहतो, कोपर कमरेला, हातात दोन किलोचा डंबेल, आणि हात दार उघडल्यासारखा आत-बाहेर फिरवत राहतो. याने त्या स्नायूंना काहीच मिळत नाही. डंबेलचं वजन सरळ खाली ओढतं आणि हालचाल आडवी आहे. काम होतं ते दंडाच्या पुढच्या स्नायूचं, वजन धरून ठेवण्याचं. हा व्यायाम डंबेलने करायचा तर चांगल्या कुशीवर आडवं व्हा, दुखरा हात वरच्या बाजूला, काखेत टॉवेलची छोटी गुंडाळी, आणि मग हात वर फिरवा. एक किलो पुरतं. घरी पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली तेवढीच भरते. उभं राहून करायचं तर केबल कोपराच्या उंचीला लावा. पण बऱ्याच केबल मशीनवर पहिलीच प्लेट पाच किलोची असते आणि या कामाला ती डोंगराएवढी. तिथे रबरी पट्टा बरा.

डोक्यावर ढकलणं सर्वांत शेवटी. मधली पायरी म्हणून रॉडचं एक टोक कोपऱ्यात टॉवेल गुंडाळून अडकवा आणि दुसरं टोक एका हाताने खांद्यापासून वर-पुढे तिरकं ढकला. हात पूर्ण डोक्यावर जात नाही, तरी सवय लागते. तालमीतल्या मुद्गलाचं विचाराल तर साधन सुंदर आहे, पण लांब दांड्याच्या टोकाला वजन आणि वर फिरवण्याची गती. हातात घ्यायचाच तर सगळ्यात हलका, आणि सगळं सुरळीत होऊन दोन-तीन महिने झाल्यावर.

गुडघा आणि कंबर, थोडक्यात

वाटीभोवती दुखत असेल तर कोन लक्षात ठेवा. लेग प्रेस किंवा स्क्वॉटमध्ये पाय सरळ ते 45 अंश वाकलेला, एवढ्या टप्प्यात वाटीवर कमी ताण येतो. लेग एक्स्टेन्शनमध्ये उलट: 90 पासून 45 पर्यंत, पुढे सरळ करायचा नाही. लिगामेंटची म्हणजे एसीएलची शस्त्रक्रिया झाली असेल तर लेग एक्स्टेन्शन सर्जननी सांगितल्याशिवाय नको. पाय सरळ होण्याच्या शेवटच्या 30 अंशांत नव्या लिगामेंटवर ओढ बसते. लेग प्रेसच्या रिकाम्या गाडीलाही बरंच वजन असतं, तेव्हा 'प्लेट लावल्याच नाहीत' म्हणजे वजन शून्य असं समजू नका.

कंबरेत उसण भरणाऱ्यांना लेग प्रेस सुरक्षित वाटतो, पण गुडघे छातीपर्यंत आणले की ढुंगण सीटवरून उचललं जातं आणि कंबर गोल होते, तीही वजनाखाली. शेजाऱ्याला बाजूने बघायला सांगा. उचललं जाण्याच्या चार बोटं आधी थांबा. आणि व्यायाम नीट करून 20 किलोची प्लेट वाकून, वळून स्टँडवर ठेवताना कंबर धरलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या दिवशी पिनेचं मशीन वापरलं असतं तर ते चालत घरी गेले असते.

किती, आणि कधी वाढवायचं

शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर व्यायाम करताना तीनपर्यंतचं दुखणं मी चालवून घेतो. फिजिओथेरपिस्ट काही दुखण्यांत पाचपर्यंतही जाऊ देतात. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो: दुखणं आदल्या दिवसाच्या पातळीवर परत आलंय का? आलं असेल तर तेवढंच पुन्हा करा. वाढलेलं असेल तर वजन किंवा कोन कमी करा, व्यायाम लगेच रद्द करू नका. हातात किंवा पायात मुंग्या उतरल्या तर मात्र तिथेच थांबा.

सुरुवात 12 ते 15 रेप्सचे दोन-तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. वजन कमी आहे म्हणून हळहळू नका. हलकं वजनही शेवटचे रेप्स जड जातील इतकं केलं, तर स्नायू जवळजवळ तितकाच वाढतो. वाढवताना अडचण येते ती आकड्यांची. आपल्याकडे डंबेल अडीच-अडीच किलोने वाढतात. पाचवरून साडेसातवर जाणं म्हणजे एकदम दीडपट! म्हणून आधी रेप्स 20 पर्यंत न्या, मग वजन वाढवा आणि रेप्स पुन्हा दहावर आणा. मशीनवर गठ्ठ्याच्या वर सव्वा किलोची छोटी प्लेट ठेवून अर्धी पायरी करता येते. ती घसरणार नाही एवढं बघा.

चांगल्या हाताला सुट्टी देऊ नका. एका बाजूचा व्यायाम केला तर दुसऱ्या बाजूचीही ताकद थोडी वाढते, हे येल विद्यापीठात 1894 मध्येच नोंदलं गेलं होतं. हात गळ्यात अडकवलेला असतानाही दुसऱ्या हाताने एकेरी चेस्ट प्रेस किंवा रोइंग करता येतं, आणि इथे मशीनला तोड नाही. बसलेले असता, तोल जात नाही, दुखऱ्या हाताला काही धरावं लागत नाही.

मशीनवरून सुटं वजन हातात घेताना

मशीनवरचा आकडा डंबेलवर नेऊ नका. केबल गठ्ठ्यासोबत सरकणाऱ्या पुलीतून फिरवलेली असेल तर 20 किलोच्या गठ्ठ्याचे हाताला दहाच जाणवतात, आणि दोन कंपन्यांच्या मशीनचे 30 एकमेकांशी जुळत नाहीत. नव्याने मोजा. चेस्ट प्रेसवर 40 किलो सहज जात असेल तर दोन्ही हातांत पाच-पाचचे डंबेल घेऊन सुरू करा. दोन आठवडे मशीनचे दोन सेट आणि डंबेलचा एक, पुढचे दोन आठवडे उलट. हात थरथरतो का हे बघा. थरथरण्याने घाबरू नका, पण त्या दिवशी वजन वाढवू नका.

हा बदल टाळून कायम मशीनवर राहिलं तर काय बिघडेल, असं मला एका मित्राने विचारलं. तो हौसेने जिमला जात असेल तर काही बिघडणार नाही, स्नायू मशीनवरही वाढतो. पण घरी स्वयंपाकघरात भरलेला गॅस सिलिंडर सरकवायचा असतो, त्याचं वजन तीस किलोच्या आसपास भरतं आणि त्याला पिन नसते. म्हणून आठवड्यातून दोनदा दोन्ही हातांत डंबेल घेऊन जिमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं मी सगळ्यांना सांगतो. खांदे कानांकडे चढू द्यायचे नाहीत, एवढाच नियम.

डोक्यावर वजन ढकलायला खांदा तयार आहे का, हे मी असं ठरवतो: रिकामा हात कानाशेजारी सरळ वर जातो का, दुखऱ्या कुशीवर रात्रभर झोप लागते का, आणि कोपऱ्यातल्या रॉडची तिरकी प्रेस सलग तीन आठवडे दुसऱ्या सकाळच्या परीक्षेत पास झाली आहे का. मला तिथे पोचायला साडेचार महिने लागले. त्या महिन्यात एसटीतून गावी जाताना पिशवी वरच्या फळीवर मी स्वतः ठेवली, डाव्या हाताचा आधार देऊन.